लोकायुक्तांकडे तक्रार: सीमाभागातल्या माणसाने अर्ज कसा करावा, कागद कोणते जोडावेत

आमच्या सीमाभागात ‘आयोग’ हा शब्द निघाला की म्हातारी माणसं गप्प होतात. ऑक्टोबर १९६६ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, ऑगस्ट १९६७ मध्ये अहवाल आला, बेळगाव शहर आहे तिथेच ठेवावं असं त्यात म्हटलं होतं आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. तेव्हापासून चौकशीच्या कुठल्याही खुर्चीकडे आम्ही आधी संशयाने बघतो. तो संशय मला चुकीचा वाटत नाही. पण त्यापायी तहसील कचेरीत दोन-दोन वर्षं अडकलेल्या फायलीबद्दल कुणी तोंडच उघडत नाही, किंवा साध्या कागदावर चार ओळी खरडून पाठवतो आणि उत्तर नाही आलं म्हणून व्यवस्थेला शिव्या देतो, हे बघवत नाही. कर्नाटक लोकायुक्तांकडे, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, तक्रार करायला वकील लागत नाही, फीही लागत नाही. लागतात ते कागद, आणि ते कुणापुढे ठेवतो आहोत याची माहिती.

खुर्चीवरच्या माणसापासून सुरुवात करू, कारण खानापूर असो की निपाणी, लोक पहिला प्रश्न हाच विचारतात.

लोकायुक्तांची नेमणूक राज्यपाल करतात, मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. त्याआधी उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश, विधान परिषदेचे सभापती, विधानसभेचे अध्यक्ष आणि दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते यांच्याशी विचारविनिमय व्हावा लागतो. मुदत पाच वर्षं. मुदत संपल्यावर राज्य सरकारची दुसरी नोकरी घेता येत नाही, आणि मला हे कलम फार मोलाचं वाटतं: पुढच्या पदाची आशा असलेला माणूस आजच्या सरकारविरुद्ध कसा लिहील? मुदतीआधी काढायचं तर गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध व्हावी लागते आणि दोन्ही सभागृहांत ठराव मंजूर व्हावा लागतो.

एवढं असूनही खुर्ची डागाळते. २०११ च्या जुलैमध्ये न्यायमूर्ती संतोष हेगडे यांच्या बेकायदा खाणकामावरच्या अहवालाने मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. २०१५ मध्ये मात्र उलटं झालं. लोकायुक्त कार्यालयाच्या नावाने अधिकाऱ्यांकडून पैसे मागितल्याच्या प्रकरणात तेव्हाचे लोकायुक्त न्यायमूर्ती वाय. भास्कर राव यांच्या मुलाला अटक झाली आणि डिसेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. संस्था तीच आणि कायदाही तोच होता. खुर्चीबद्दलचा भरवसा किती लवकर वर-खाली होतो, हे आपल्याच राज्याने पाहिलं आहे.

जुन्या अत्याचारांचं सत्य शोधायला जगभर नेमलेल्या सत्यशोधन आणि समेट आयोगांनाही याच जागी ठेच लागली. केनियात २००७-०८ च्या निवडणूक हिंसाचारानंतर असा आयोग बसला. त्याचे अध्यक्ष बेथुएल किप्लागाट जुन्या राजवटीत बडे अधिकारी होते आणि १९८४ च्या वगाला हत्याकांडाच्या संदर्भात त्यांचंच नाव घेतलं जात होतं. त्यांनी आरोप नाकारले. पण ज्या घटनेची चौकशी करायची, तिच्यात ज्याला साक्षीला बोलवावं लागेल तोच अध्यक्ष, हे पीडितांना कसं पटावं? उपाध्यक्षा बेटी मुरुंगी यांनी २०१० मध्ये राजीनामा दिला, नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष बाजूला झाले, आणि आयोगाची उमेदीची वर्षं या वादात गेली. दक्षिण आफ्रिकेने नेमणुकीआधीच काळजी घेतली होती. १९९५ च्या कायद्यानंतर लोकांकडून नावं मागवली, २९९ आली, निवडक उमेदवारांच्या मुलाखती जाहीरपणे घेतल्या आणि शेवटी डेस्मंड टूटू यांच्यासह १७ जण नेमले. पुढे १९९७ मध्ये त्यांतल्याच एका सदस्यावर, डुमिसा एन्टसेबेझा यांच्यावर, हल्ल्यात सामील असल्याचा आरोप झाला. नेल्सन मंडेलांनी तो दाबला नाही, न्यायमूर्ती रिचर्ड गोल्डस्टोन यांच्याकडे चौकशीला दिला. आरोप खोटा ठरला आणि आयोगाचा शब्द टिकला.

आपल्या लोकायुक्तांच्या नेमणुकीत अशी जाहीर मुलाखत नाही. ती असावी असं मला मनापासून वाटतं. तोवर हातात असलेलं हत्यार म्हणजे पक्की तक्रार.

तक्रार दोन प्रकारची असते, आणि इथेच बहुतेक अर्ज घसरतात. गाऱ्हाणं म्हणजे कारभारातल्या दिरंगाईने किंवा अन्यायाने तुमचं स्वतःचं नुकसान झालं. वारसा नोंद होत नाही, पेन्शन अडकलं, मंजूर घरकुलाचा हप्ता येत नाही. ते ज्याचं त्यानेच मांडायचं. तो माणूस हयात नसेल किंवा त्याला जमत नसेल, तर वारस किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस मांडू शकतो. आरोप म्हणजे लोकसेवकाने पदाचा गैरवापर केला, लाच खाल्ली, कुणाचं भलं करायला सचोटी सोडली. तो कुणीही करू शकतो, स्वतःचं नुकसान झालेलं नसलं तरी. गाऱ्हाण्याला मुदत सहा महिने, ती गोष्ट तुम्हाला कळल्यापासून. आरोपाला पाच वर्षं, घटना घडल्यापासून. दोन्ही एकाच अर्जात कालवू नका. बदली, बढती, पगार असे नोकरीतले वाद इथे चालत नाहीत, आणि ज्या गाऱ्हाण्याला कोर्टात किंवा न्यायाधिकरणात दाद मागता येते, ते सहसा घेतलं जात नाही.

अर्ज ठरलेल्या नमुन्यात असतो. फॉर्म नंबर एक तक्रारीचा, फॉर्म नंबर दोन शपथपत्राचा. शपथपत्र नोटरीसमोर करायचं. ते नसेल तर कितीही खरी तक्रार तिथेच अडते. आमच्या शेजारच्या काकूंचा पहिला अर्ज याच कारणाने परत आला होता. सोबत अडलेल्या कामाच्या मूळ अर्जाची झेरॉक्स आणि त्याची पोच, जमिनीचं काम असेल तर उतारा, कचेरीशी झालेला पत्रव्यवहार, माहिती अधिकारात मिळालेली उत्तरं आणि आधार कार्डाची प्रत जोडा. मूळ कागद कधीच पाठवू नका. लोकसेवकाचं नाव, हुद्दा आणि कचेरी स्पष्ट लिहा. नाव माहीत नसेल तर हुद्दा आणि तारखा तरी पक्क्या हव्यात. ‘सगळे चोर आहेत’ असं लिहिलेल्या अर्जावर कुणाचीच चौकशी होत नाही. ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाचा अर्ज दिला, आजवर उत्तर नाही’ असं लिहिलं की समोरच्याला कागदानेच उत्तर द्यावं लागतं. शपथेवर लिहितो आहोत हेही विसरू नका. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास सहा महिने ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

आता भाषेचं. संविधानाच्या कलम ३५० नुसार केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मराठी या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. हा हक्क सोडू नये असं मी म्हणेन. पण चौकशी करणारा अधिकारी कन्नड वाचतो, हेही खरं. म्हणून फॉर्म कन्नड किंवा इंग्रजीत भरून घ्या आणि तुमचं म्हणणं मराठीत लिहून सही करून सोबत जोडा. ज्या कन्नड मजकुरावर सही करणार तो ओळ न् ओळ समजावून घ्या. भाषांतरात ‘दिले नाही’ याचं ‘नाकारले’ झालं, तर पुढे तुमच्याच शपथेला बट्टा लागतो.

लाच मागितली असेल तर मात्र फॉर्मच्या मागे लागू नका. पैसे देण्याआधीच बेळगावातल्या लोकायुक्त पोलिसांकडे जा, सापळा तेच लावतात. नाइलाजाने आधीच दिली असेल, तर सात दिवसांच्या आत कळवा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार ठरतो, आणि जबरदस्तीने द्यावी लागलेल्याला सूट मिळते ती या सात दिवसांतच.

अर्ज बेंगळुरूला डॉ. आंबेडकर वीधीवरच्या बहुमजली इमारतीतल्या मुख्य कार्यालयात रजिस्टर पोस्टाने पाठवता येतो किंवा समक्ष देता येतो. मंत्री, आमदार आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची प्रकरणं लोकायुक्तांकडे जातात, बाकीची उपलोकायुक्तांकडे. चौकशी सुरू झाली की तक्रारीची प्रत त्या लोकसेवकाला जाते आणि त्याचं म्हणणं मागवलं जातं. तेव्हा आपलं नाव त्याला कळणार, ही तयारी ठेवूनच सही करा, आणि घरच्यांना आधी सांगा. आरोप सिद्ध झाला तर लोकायुक्त सरकारला शिफारस करतात आणि काय कारवाई केली हे सरकारने तीन महिन्यांत कळवायचं असतं. पोस्टाची पावती, नोंद क्रमांक आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाची प्रत एका फाइलीत लावा. नोंद क्रमांक फाइलीच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात लिहा, कारण पुढचं प्रत्येक पत्र त्याच क्रमांकाने जाणार आहे.