प्रुडेन्शियल (ब्रिटिश विमा कंपनी)

प्रुडेन्शियल ही लंडनच्या हॅटन गार्डन भागात ३० मे १८४८ रोजी स्थापन झालेली आयुर्विमा कंपनी. अमेरिकेतील प्रुडेन्शियल फायनान्शियल ही नावाने सारखी असली तरी वेगळी कंपनी आहे. दोघींचा परस्परांशी संबंध नाही. ब्रिटनमधील गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांच्या आठवड्याच्या एकेका पेनीवर ही कंपनी उभी राहिली. आज तिचा विमा व्यवसाय आशिया आणि आफ्रिकेत आहे, ब्रिटनमध्ये तो उरलेला नाही.

सुरुवातीला कंपनी मध्यमवर्गीयांना विमा आणि कर्ज देत असे. त्या काळी लंडनमध्ये अशा कंपन्यांची कमी नव्हती, त्यामुळे जम बसेना. १८५४ मध्ये कंपनीने गरिबांसाठी आठवड्याच्या हप्त्याचा विमा सुरू केला. याला तिथे ‘इंडस्ट्रियल अ‍ॅश्युरन्स’ म्हणत. कारखान्यांच्या विम्याशी याचा संबंध नाही; कष्टकरी माणसाचा छोटा आयुर्विमा एवढाच त्याचा अर्थ. कामगाराला पगार आठवड्याने मिळे, म्हणून हप्ताही आठवड्याचा. मिळणारी रक्कम मुख्यतः मयताच्या खर्चाला पुरे. गावाच्या खर्चाने, खुणेचा दगडही नसलेल्या सामाईक खड्ड्यात आपला माणूस पुरला जाणे ही त्या वस्त्यांत मोठी नामुष्की होती, आणि ती टाळण्यासाठी माणसे पोटाला चिमटा काढून पेनी बाजूला ठेवत.

ती पेनी दारात येऊन नेणारा एजंट हाच या धंद्याचा कणा. आपल्याकडे पतसंस्थेचा पिग्मी एजंट दुकानादुकानांतून रोजची रक्कम गोळा करून पुस्तकात नोंद करतो, साधारण तशीच ही रीत. फरक एवढाच की तिथे बहुधा घरातल्या बाईशी व्यवहार होई. वसुलीच्या त्याच फेरीत जन्म, लग्न, आजारपण सगळे एजंटच्या कानावर येई आणि नवी पॉलिसीही तिथेच विकली जाई. विसाव्या शतकात ‘मॅन फ्रॉम द प्रू’ (प्रूचा, म्हणजे प्रुडेन्शियलचा माणूस) हे या एजंटचे नाव ब्रिटनमध्ये घरोघरी झाले. एजंटचे महत्त्व किती, हे सरकारच्या अनुभवावरून कळते. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी १८६४ मध्ये कायदा करून पोस्टामार्फत स्वस्त सरकारी विमा आणला. विमा चांगला होता, पण हप्ता न्यायला दारात कोणी येत नसे. ती योजना कधीच मूळ धरू शकली नाही.

या पद्धतीची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पेनी-पेनी गोळा करायला खर्च फार येई, आणि हप्त्यातला मोठा वाटा त्यातच जाई. काम सुटले, दोन-चार आठवडे हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडे आणि भरलेले पैसेही जात. कंपनीने १८५६ मध्ये लहान मुलांचा विमा सुरू केला, तेव्हा विम्याच्या पैशासाठी मुलांची हेळसांड होईल अशी ओरड झाली. पुढे कायद्याने अशा विम्याच्या रकमेवर मर्यादा घातली. ब्रिटनमधील सामाजिक सुरक्षेवरच्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालानेही या साऱ्या धंद्याच्या खर्चावर कठोर टीका केली. तरीही एकोणिसावे शतक संपताना ब्रिटनच्या सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येचा विमा एकट्या प्रुडेन्शियलकडे होता. हिशेबनीस म्हणून रुजू झालेल्या आणि पुढे चिटणीस झालेल्या हेन्री हार्बेन यांच्या शिस्तशीर कारभाराला याचे बरेच श्रेय जाते.

लंडनच्या हॉलबर्न भागातील कंपनीचे लाल टेराकोटाचे भव्य मुख्यालय वास्तुकार आल्फ्रेड वॉटरहाउस यांनी बांधले. लंडनचे निसर्गविज्ञान संग्रहालयही त्यांचेच काम. १८७० च्या दशकातच कंपनीने कार्यालयात स्त्री-कारकून नेमल्या. त्यांचे प्रवेशद्वार वेगळे होते आणि दुपारच्या सुटीत पाय मोकळे करायला इमारतीची गच्ची होती.

परदेशातील आयुर्विमा व्यवसायाची सुरुवात भारतात झाली. १९२३ मध्ये कलकत्त्यात कार्यालय उघडले आणि पहिली पॉलिसी आसामातील एका चहामळेवाल्याला दिली गेली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. देशी-परदेशी २४५ संस्थांचा कारभार सरकारकडे आला, प्रुडेन्शियलचा इथला व्यवसायही त्यांत गेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. क्षेत्र पुन्हा खुले झाल्यावर, २००० च्या अखेरीस, आयसीआयसीआयच्या भागीदारीत कंपनी परतली. मुंबईत प्रभादेवीला मुख्यालय असलेली आयसीआयसीआय प्रुडेन्शियल लाइफ २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. भारतातल्या विमा कंपन्यांत असे प्रथमच घडले.

ब्रिटनमध्ये मात्र दारावरची वसुली मागे पडत गेली. बँक खाती आणि पगारातून कपात सर्रास झाल्यावर पेनीचा हिशेब परवडेना. १९९५ मध्ये घरोघरी वसुलीच्या नव्या पॉलिसी थांबल्या आणि २००१ मध्ये थेट विक्री करणारा एजंटवर्गच बंद झाला. कंपनीने अमेरिकेतील जॅक्सन नॅशनल (१९८६) आणि ब्रिटनमधील गुंतवणूक कंपनी एम अँड जी (१९९९) घेतली होती. २०१० मध्ये आशियातील प्रतिस्पर्धी एआयए ३५.५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा बेत भागधारकांच्या विरोधामुळे फसला. पण रोख आशियाकडेच राहिला: २०१९ मध्ये एम अँड जीसह ब्रिटनमधला व्यवसाय वेगळा काढला गेला आणि २०२१ मध्ये जॅक्सनही.

या फारकतीच्या वेळचा एक खटला महत्त्वाचा आहे. निवृत्तांना ठरावीक उत्पन्न देणाऱ्या लाखो वर्षासन (अ‍ॅन्युइटी) पॉलिसी रोथसे या नव्या कंपनीकडे सोपवण्यास लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला. लोकांनी प्रुडेन्शियलचे वय आणि नाव पाहून आयुष्यभराची पुंजी तिच्याकडे ठेवली होती, हे न्यायाधीशांनी ग्राह्य धरले. अपिलात तो निर्णय फिरला आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये हस्तांतराला मंजुरी मिळाली.