वीरगळ

वीरगळ म्हणजे लढता लढता मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. शब्द कानडीतून आला आहे. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीराचा कल्लु तो वीरगल्लु, आणि मराठीच्या तोंडी बसता बसता वीरगळ. तमिळ मुलखात अशा दगडाला ‘नडुकल’ म्हणतात, गुजरातेत ‘पाळिया’. महाराष्ट्रात कोकणपट्टीपासून मराठवाड्यापर्यंत वीरगळ विखुरलेले आहेत. जुन्या शिवमंदिराचे आवार, गावची वेस, झाडाखालचा पार, घाटवाटेचे तोंड, तळ्याचा काठ अशा जागी ते सापडतात. त्यांतले बरेचसे शिलाहार आणि यादव या राजघराण्यांच्या काळातले, म्हणजे साधारण दहाव्या ते चौदाव्या शतकातले मानले जातात. दगडावर सहसा अक्षर नसल्याने काळ ठरवायचा तो कोरलेली वेशभूषा, शस्त्रे, केशरचना आणि शेजारच्या देवळाची घडण पाहूनच.

वीरगळ खालून वर वाचतात. दगडाचे आडवे कप्पे पाडलेले असतात, बहुधा तीन किंवा चार. सगळ्यात खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला असतो. त्याच्या वर लढाई. ढाल-तलवारीची झटापट, कुठे घोडेस्वार, कुठे धनुष्य ताणलेला तिरंदाज. त्याच्याही वरच्या कप्प्यात अप्सरा वीराला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. शेवटच्या कप्प्यात तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो, पलीकडे पुजारी पूजा करत असतो. मेलेला माणूस कैलासाला पोचला. माथ्यावर कलश आणि त्याच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. चंद्रसूर्य आहेत तोवर ही कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. दानपत्राच्या दगडांवरही हीच खूण असते, कारण दोन्हीकडे मागणी एकच आहे: हे मोडू नका.

खालच्या कप्प्यात पडलेल्या वीराशेजारी गाई कोरलेल्या असल्या तर तो गाईगुरांसाठी मेला असे समजायचे. असे वीरगळ महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि माझ्या मते या परंपरेचे खरे काळीज तेच. वीर म्हटले की आपल्यासमोर राजाचे सैन्य उभे राहते. पण गुरे हे ज्या गावाचे सगळे धन होते, तिथे रात्री गुरे वळवून नेणाऱ्या टोळीच्या आडवा जाणारा गुराखी किंवा शेतकरी हाही त्या गावाचा सैनिकच होता. त्याला पगार नव्हता, हुद्दा नव्हता. गावाने दगड घडवून घेतला आणि त्याला थेट कैलासात नेऊन बसवले. वाघाशी किंवा रानडुकराशी झुंजताना मेलेल्यांचेही दगड आहेत.

वीरगळाशेजारी कधी सतीशिळा असते. तिच्यावर कोपरात वाकवलेला, बांगड्या ल्यालेला उजवा हात आणि उघडा तळवा कोरलेला असतो. कधी दोन्ही खुणा एकाच दगडावर येतात. त्या हाताकडे पाहताना कौतुकाची भाषा आठवू नये. नवऱ्यामागे जाळून घेतलेल्या बाईची ती निशाणी आहे, आणि युद्धाची किंमत रणाबाहेर कोणी मोजली ते सांगणारी तीच एक खूण दगडावर उरली आहे.

या दगडांवर बहुतेक वेळा नाव नसते. कर्नाटकात लेख कोरलेले वीरगळ खूप मिळतात. महाराष्ट्रात बहुसंख्य मुके आहेत. कोण मेला, कुणाचा मुलगा, कुठल्या लढाईत, यातले काहीच कळत नाही. कोरणाऱ्याला चेहऱ्याचे साम्य आणायचे नव्हते, सगळे वीर एकाच साच्यातले. दगड उभा राहिला तेव्हा नावाची गरजही नव्हती, कारण तो कुणाचा हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तीनचार पिढ्यांत ते ठाऊक असलेली माणसे गेली आणि दगड मागे राहिला.

याच्या अगदी उलट उदाहरण कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरचे आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि चोळ यांच्यात तमिळ मुलखातल्या तक्कोलम येथे मोठी लढाई झाली. कृष्णाच्या बाजूने गंग राजा बुतुग लढला. बुतुगाचा मणलेर नावाचा सरदार त्या लढाईत गाजला. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने राजाचा काळी नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे हा कुत्रा रानडुकराशी झुंजताना मेला. मणलेराने आतकूरला त्याच्या नावे दगड उभारला आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. लेख इ.स. ९४९-५० चा आहे, आणि त्याच दगडावर तक्कोलमच्या विजयाचीही नोंद आहे. हा दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. एका कुत्र्याचे नाव हजार वर्षांनंतरही आपण घेऊ शकतो, ते कुणीतरी चार ओळी कोरून घेतल्या म्हणून.

महाराष्ट्रातले सगळ्यात बोलके वीरगळ मुंबईत आहेत. बोरिवलीजवळच्या एकसर गावात सहा मोठ्या शिळांची रांग होती. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये त्यांचे कप्प्या-कप्प्याने वर्णन आहे. एरवीचा वीरगळ कमरेएवढा, फार तर छातीएवढा असतो. या शिळा त्याहून कितीतरी मोठ्या. काहींवर जमिनीवरची लढाई आहे आणि बाकीच्यांवर समुद्रातली. डोलकाठ्या उभारलेली, दोन्ही कडांना वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबते एका ओळीत चालून येतात, पाण्यात माणसे पडतात, आणि वरच्या कप्प्यांत तेच वीर शिवलोकात पोचतात. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव महादेव यांच्यात तेराव्या शतकाच्या मध्यानंतर समुद्रावर लढाई झाली. सोमेश्वर तीत बुडून मेला असे सांगतात. एकसरच्या शिळा त्याच लढाईच्या असाव्यात, असे बऱ्याच अभ्यासकांनी मानले. काहींनी त्या आधीच्या, अकराव्या शतकातल्या ठरवल्या. दगडावर लेख नाही, म्हणून वाद मिटत नाही. मध्ययुगीन कोकणातली लढाऊ जहाजे कशी दिसत, हे सांगणारे इतके जवळचे चित्र मात्र दुसरे मिळणे कठीण.

देशावर वाईजवळचे किकली हे गाव वीरगळांसाठी ओळखले जाते. तिथल्या भैरवनाथाच्या देवळाच्या परिसरात ते इतक्या संख्येने आहेत की एकामागून एक पाहताना कोरण्याची पद्धत कशी बदलत गेली ते लक्षात येते. बारामतीकडच्या लोणी भापकरच्या देवळांच्या आवारातही ते पाहायला मिळतात.

नाव हरवले तरी पूजा थांबत नाही. गावात वीरगळाला शेंदूर लागतो, अमावास्येला नारळ फुटतो. कुठे त्याला नुसते ‘वीर’ म्हणतात, कुठे तो वेताळ किंवा म्हसोबा होऊन बसतो, कुठे कप्प्यांतली माणसे मोजून लोक त्यांना पांडव म्हणतात. अभ्यासकाला ही गल्लत वाटते. मला यात एक मोठी निष्ठा दिसते: आपल्यासाठी कोणीतरी मेला एवढेच गावाला आठवते, आणि तेवढ्यावर गाव शेकडो वर्षे दिवा लावते.

घराघरांत हीच आठवण टाकाच्या रूपाने राहते. टाक म्हणजे देव्हाऱ्यातला चांदीचा किंवा पितळेचा छोटा उठावाचा पत्रा. कुळातल्या वीराचा टाक पुष्कळ घरांत असतो, त्यावर बहुधा घोडेस्वार असतो. नाशिकला धुळवडीच्या दिवशी हे वीर बाहेर निघतात. टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल कापडात घेऊन, वाजतगाजत गोदावरीवर नेतात, स्नान घालतात आणि पुन्हा देव्हाऱ्यात बसवतात. ‘वीर नाचवणे’ असेच तिथे म्हणतात. दाजीबा वीराची मिरवणूक त्यात मानाची. रंगाच्या दिवशी पूर्वज अंगाखांद्यावर घेऊन नाचणारे हे शहर आहे, आणि वीरगळ नीट समजून घ्यायचा तर हे एकदा पाहिले पाहिजे. दगड गावाचा असतो, टाक घराचा.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे खटकते. वीरगळावर मरण आहे, आयुष्य नाही. लढाईवरून परत आलेला, अधू झालेला, पुढे तीस वर्षे शेती करून घरी खाटेवर मेलेला सैनिक या दगडावर येत नाही. त्याची आठवण कुटुंबातल्या श्राद्धापुरती राहिली.

मराठेशाहीत वीरगळ मागे पडला आणि समाध्या, छत्र्या पुढे आल्या. विशाळगडावर बाजीप्रभू आणि फुलाजी या भावांच्या, नेसरीला प्रतापराव गुजरांची, पुण्यात वानवडीला महादजी शिंद्यांची छत्री. ही सरदारांची स्मारके. शिपाई इथेही बिननावाचाच राहिला.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने महाराष्ट्रातल्या अनेक गावांत एक पाटी बसवली. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके जण गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. कोकणात आणि साताऱ्याकडे शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत ती अजून दिसते. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात पडले. या गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात आणि घरटी फौजेत माणूस ही तिथली रीत आहे. पाटीवर फक्त आकडा. वीरगळावर निदान माणूस कोरलेला असे.

त्या आकड्यांतले कितीतरी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये पडले. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत येथे या डिव्हिजनला तुर्कांचा वेढा पडला, उपासमार झाली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली. बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण आहे, पण नावे कोरली ती गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साधे हिंदी शिपाई पलटणीच्या नावाखाली संख्येत गेले. अशी स्मारके आणि कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ मध्ये अहवाल काढून ही विषमता कबूल केली: ४५,००० ते ५४,००० आशियाई-आफ्रिकी मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि आणखी किमान १,१६,००० जणांचे स्मरण नावानिशी झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. हा अन्याय आहे, आणि शंभर वर्षे उशिरा झालेल्या कबुलीने तो फिटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात चित्र थोडे पालटले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्यांची कबर कुठे नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे आणि पुतळा माणगावात. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले.

जुन्या वीरगळांची आजची अवस्था वाईट आहे. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा ते उचलून मागे टाकले जातात. कुठे पायरी झाले आहेत, कुठे धुण्याचा दगड, कुठे वाड्याच्या भिंतीत उलटे बसले आहेत. भक्तीने लावलेला ऑइलपेंट कोरीव काम बुजवतो आणि निघता निघत नाही. अलीकडे गडकिल्ल्यांवर फिरणारी तरुण मंडळी असे दगड मातीतून उकरून उभे करतात, हे फार मोलाचे काम आहे. करताना तीन गोष्टी पाळाव्यात. स्वच्छतेला साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे, आम्ल किंवा तारेचा ब्रश नको, आणि सिमेंटमध्ये तळ गाडू नये, कारण पडलेला वीर नेमका तळच्या कप्प्यात असतो. दगड हलवण्याआधी जागेचा आणि तोंड कुठल्या दिशेला होते याचा फोटो काढून ठेवावा. लेख नसलेल्या वीरगळाची जागा हाच त्याचा शेवटचा पुरावा असतो: खिंडीत असला तर खिंड राखताना, वेशीवर असला तर वेशीवर.