शेड बांधण्याआधी प्रदूषण मंडळाची संमती: बेळगावकडच्या लहान कारखानदारांसाठी

उद्यमबाग असो, मच्छे असो की खानापूर-निपाणीकडचं एखादं गाव, बरेचजण शेड बांधून, मशीन बसवून, हेस्कॉमचं वीज कनेक्शन घेऊन मगच कन्सेंटची म्हणजे संमतीची चौकशी करतात. हा क्रम उलटा आहे. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा यांच्याखाली कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा लागते. उभारणीआधीची ती सीएफई (कन्सेंट फॉर एस्टॅब्लिशमेंट), उत्पादन सुरू करण्याआधीची सीएफओ (कन्सेंट फॉर ऑपरेशन).

धंदा किती प्रदूषण करतो त्यावरून त्याला रंगाचा वर्ग मिळतो. आधी आपला धंदा कुठल्या रंगात बसतो ते बघा: लाल, केशरी, हिरवा की पांढरा. इलेक्ट्रोप्लेटिंग (धातूला मुलामा देणं) लाल वर्गात येतं. फाउंड्रीचा (धातू ओतण्याच्या कारखान्याचा) वर्ग मंडळाच्या यादीत बघा, आणि भट्टीच्या क्षमतेचा आकडा अंदाजाने टाकू नका. पांढऱ्या वर्गाला संमती लागत नाही, मंडळाला कळवलं की झालं.

अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी), जागेचा नकाशा, मशिनरीची यादी, उत्पादनाची पद्धत, पाणी किती लागणार आणि सांडपाणी कुठे जाणार याचा तपशील द्यावा लागतो. फी जमीन, इमारत आणि यंत्रांच्या गुंतवणुकीवर ठरते, म्हणून सीएचा दाखला लागतो.

अडतं ते जागेच्या कागदावर. शेतजमीन असेल तर बिगरशेती आदेश लागतो का, ते आधी तपासा. ग्रामपंचायत हद्दीतल्या मिळकतीला ई-स्वत्तूचे (पंचायतीच्या ऑनलाइन मिळकत नोंदीचे) फॉर्म ९ आणि ११ काढा. आरटीसी म्हणजे आपला उतारा कन्नडमध्ये असतो. त्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, हे अर्जाआधीच तपासलेलं बरं. जागा भाड्याची असली तर करारपत्र.

अधिकारी पाहणीला येतात तेव्हा सांडपाण्याची वाट विचारतातच. बेळगावचा बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारातून जातो, त्यात काय मिसळलं ते शेतकऱ्याला सगळ्यांत आधी कळतं. जल कायद्याप्रमाणे मंडळाने चार महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा.

संमती हातात आली की लोक निवांत होतात आणि मशीनचं जळकं तेल विसरतात. ते घातक कचऱ्यात मोडतं, त्यासाठी २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली फॉर्म १ भरून वेगळी परवानगी घ्यावी लागते. तेल साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, द्यायचं ते अधिकृत रिसायकलरलाच. भंगारवाला दोन पैसे जास्त देतो, पण त्याच्याकडून नोंदीचा कागद मिळत नाही, आणि फॉर्म ४ मधला या कचऱ्याचा वार्षिक हिशेब ३० जूनपर्यंत मंडळाकडे द्यावाच लागतो.