आजोबांचं गाव आणि तेलानंतरचं गाव

पेट्रोलच्या भावाचा विषय निघाला की मंगळवेढ्याकडचे आमचे तात्या ठरलेलं वाक्य टाकतात, “संपू दे की तेल. आमचा आजा काय डिझेल पिऊन जगला व्हय?” हेच सोलापुरात चहाच्या टपरीवरही ऐकलंय, लग्नाच्या पंगतीतही. ऐकायला बरं वाटतं. तेल गेलं की बैलगाडी जुंपायची, चूल पेटवायची आणि आजोबांच्या गावात परत राहायला जायचं. गोची एवढीच की आजोबांचं गाव आणि तेलानंतरचं गाव ही दोन वेगळी गावं आहेत.

पहिला घोळ ‘तेलाच्या आधी’ या शब्दांतच आहे. तेलाच्या आधी म्हणजे यंत्रांच्या आधी, असं आपण धरून चालतो. सोलापूरपुरतं तरी ते चूक आहे. इथे रेल्वे आली १८६० साली आणि जुनी मिल उभी राहिली १८७७ मध्ये. दोन्ही कोळशावर आणि वाफेवर चालायच्या, डिझेलचा थेंब न लागता. तात्यांच्या आजोबांचं धोतर गिरणीचंच असणार, नांगराचा फाळ आणि गाडीच्या चाकावरची धावही कुठल्या तरी कारखान्यातल्या लोखंडाची. त्याच्याही मागे गेलात तरी मीठ काही गावात पिकत नव्हतं. ते लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून यायचं. ‘स्वयंपूर्ण खेडं’ हे भाषणात जितकं दिसतं तितकं जमिनीवर कधीच नव्हतं.

आता पाणी. खरा फरक इथे आहे.

तात्यांच्या मळ्यात जुनी विहीर आहे, सात परस खोल, म्हणजे चाळीस फुटांच्या आसपास. बैलांच्या उताराची धाव अजून ओळखू येते, थारोळ्याचे दगडही जागेवर आहेत. बैल धावेवरून खाली उतरत जायचे तशी नाड्याला, म्हणजे जाड दोराला, बांधलेली मोट, कातड्याची मोठी बादली, वर यायची, सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटाला. मग बैल उलट्या पावली मागे, की परत तेच. दिवसभर. आज ती विहीर संक्रांतीच्या आतच तळ दाखवते. डाळिंब जगतंय ते साडेपाचशे फुटांच्या बोअरवर.

थोडा हिशेब करू. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा दमाने काम करतो तेव्हा साधारण ७५ वॉट शक्ती लावतो. घर्षण आणि गळती शून्य धरली तर हजार लिटर पाणी चाळीस फुटांवरून वर काढायला त्याला अर्धा तास पुरतो. तेच पाणी साडेपाचशे फुटांवरून काढायला सहा तास. हेही कागदावर, कारण बोअरचं तोंड साडेसहा इंचांचं. त्यात मोट सोडाच, कळशीही उतरत नाही. आजोबांची मोट आणली तरी आजोबांचं पाणी कुठून आणायचं?

“सोलर पंप आहे की,” हे तात्यांचं उत्तर. बरोबर आहे, आणि इथे दुसरा घोळ सुटतो. तेल नसणं वेगळं आणि कारखाने नसणं वेगळं. तेल गेलं तरी सोलर पंप दिवसा पाणी ओढेल, पॅनल वीस-पंचवीस वर्षं टिकतील. पण मोटर जळली की रिवायंडिंगला तांब्याची तार हवी, बेअरिंग हवं, कंट्रोलरचं कार्ड हवं. ती साखळी तुटली की पंप म्हणजे बोअरमध्ये अडकलेला लोखंडाचा तुकडा. सोलापूर शहराचं तर विचारूच नका. सिद्धेश्वर तलाव बाराव्या शतकातला, सिद्धरामेश्वरांनी बांधवलेला. पाणी आपल्या उताराने येऊन त्यात साठतं. पण आजचं शहर पाणी पितं ते मुख्यतः उजनीचं, शंभर किलोमीटरहून लांबून पंपाने ढकललेलं. पंप विजेवर, वीज बरीचशी कोळशाची, आणि तो कोळसा खाणीतून काढणारे डंपर डिझेलवर.

डोकी मोजा. १९०१ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्यात सव्वासात लाखांच्या आत माणसं होती. २०११ मध्ये ४३ लाख १७ हजार. जिल्ह्याच्या सीमा मधल्या काळात थोड्या बदलल्या, पण चित्र तेच. पाऊस मात्र तेव्हाही सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आगेमागे आणि आजही तितकाच. शिवाय तेव्हा दावणीला बैल होते. आज खिल्लार जोडी शर्यतीला आणि प्रदर्शनाला ठेवतात, नांगराला क्वचित. जोडी तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात आणि तिला कडबा लागतो. त्या कडब्याच्या रानात आता ऊस आहे. एक लिटर डिझेल इंजिनात जाळलं तर पाच माणसांच्या दिवसभराच्या मेहनतीइतकं काम निघतं. शंभर रुपयांच्या आतबाहेर पाच गडी. असा मजूर आजोबांच्या काळातल्या कुणाही जमीनदाराला मिळाला नसता.

मिळायचा तो दुसऱ्या मार्गाने. बलुतेदारीची आठवण आपण फार गोड करून काढतो: सुतार, लोहार, कुंभार, खळ्यावर धान्याचं बलुतं, सगळं कसं गुण्यागोविंदाने. ज्यांच्या वाट्याला मेलेली जनावरं ओढणं आणि वेशीबाहेरचं घर आलं, त्यांना विचारा. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर म्हटलं ते उगीच नव्हे. ही कामं वंशपरंपरेने गळ्यात बांधणारं महार वतन कायद्याने गेलं १९५८ मध्ये. माणसाच्या अंगमेहनतीची किंमत पुन्हा वाढेल तेव्हा ती मेहनत कुणाच्या माथी मारायची, हा प्रश्नही परत येईल. माझ्या मते तेलानंतरच्या गावाची खरी परीक्षा इथे आहे, पाण्यातसुद्धा नाही.

दुष्काळाचंही तसंच. १८७६ ते ७८ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ, दोन्हींत या भागातलं पीक गेलं. पण ७२ ला लाल मिलो आली, सुकडी वाटली गेली, रोजगार हमीची कामं निघाली. ती लाल ज्वारी बोटीतून आली आणि ट्रकमधून गावागावात पोचली. म्हातारी माणसं अजून तिच्या भाकरीला नावं ठेवतात, पण नावं ठेवायला जिवंत राहिली ती तिच्यामुळेच. १८७६ ला रेल्वे होती, तरीही माणसं किड्यामुंगीसारखी मेली, हेही ध्यानात ठेवायला हवं. वाहन असणं आणि त्यातून धान्य तुमच्या दारात येणं यांत सरकार नावाची गोष्ट असते.

मग तेलानंतरच्या गावाच्या पदरी जास्तीचं काय? पुष्कळ आहे. पाणी उकळून प्यावं हे लहान पोराला माहीत आहे. पोरी लिहितात-वाचतात. सायकल आहे, भंगारात इतकं लोखंड पडलंय की लोहाराच्या दोन पिढ्या आरामात जातील. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि क्यूबाचं तेल आटलं, तेव्हा तिथे सायकली आणि बैल परत आले, शहरातल्या मोकळ्या जागांत भाजीपाला लागला. लोक वाळले, हाल झाले, पण दवाखाने आणि शाळा चालू राहिल्या. ते आजोबांचं गाव नव्हतं. आणि तेल एका रात्रीत संपतही नसतं. आधी ते महागतं, मग ठरावीक कामांपुरतं उरतं. ट्रॅक्टर वर्षातून एकदाच पेरणीला निघतोय, एरवी ताडपत्रीखाली, अशी कित्येक वर्षं मध्ये जातील.

आजोबांकडून जसंच्या तसं उचलण्यासारखं मला फार थोडं दिसतं. कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जी फ्रीजशिवाय टिकते. आणि पेव. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या मातीत, खणलेला खड्डा, तळाला आणि कडेने कडबा-भुसा, आत ज्वारी, वर माती लिंपून बंद. दोन-तीन वर्षं धान्य राहायचं, थोडा आंबूस वास लागायचा. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं.

तात्यांच्या वाड्यापुढे असं एक पेव होतं. त्यावर आता फरशी आहे आणि फरशीवर ट्रॅक्टर उभा असतो. हे सगळं सांगून झाल्यावर तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फरशी फोडायला काय खर्च येईल रं?”