जॉन डंटन आणि पेनीत विकला जाणारा कागद : घेण्यापूर्वी काय तपासावे, घेतल्यावर कसे सांभाळावे

लंडनच्या पोल्ट्री भागात ‘ब्लॅक रेव्हन’च्या पाटीखाली जॉन डंटन (१६५९–१७३२) पुस्तके विकायचा आणि त्या काळच्या रीतीप्रमाणे स्वतः छापूनही घ्यायचा. माणूस विक्षिप्त. थकलेली उधारी वसूल करायला पुस्तके घेऊन थेट अमेरिकेतल्या बॉस्टनला गेला. १७०५ साली त्याने स्वतःच्या आयुष्यातल्या चुकांचेच पुस्तक काढले. सुमारे ६०० पुस्तके छापली आणि पश्चात्ताप फक्त सातांचा, असे त्याचे म्हणणे. लंडनच्या मुद्रकांची, बांधणीवाल्यांची आणि विक्रेत्यांची त्या चुकांच्या पुस्तकातली वर्णने आजही उपयोगी पडतात. मात्र तो बहुतेकांची तोंडभरून स्तुती करतो, तेव्हा जपून वाचावे.

ग्राहक आमच्याकडे सर्वाधिक चौकशी करतात ती त्याच्या ‘अथेनियन मर्क्युरी’ या प्रश्नोत्तरांच्या नियतकालिकाची. १७ मार्च १६९१, मंगळवारी पहिला अंक निघाला, तेव्हा नावात ‘गॅझेट’ होते. वाचकांनी प्रश्न कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवायचे आणि विद्वानांच्या ‘अथेनियन सोसायटी’ने उत्तरे द्यायची. ही सोसायटी म्हणजे मुख्यतः डंटन, त्याचा साडू सॅम्युएल वेस्ली आणि गणिती रिचर्ड सॉल्ट! किंमत एक पेनी. ३० अंक झाले की डंटन मुखपृष्ठ, प्रस्तावना आणि सूची छापून खंड विकायचा. असे १९ खंड झाले. विसावा १६९७ मध्ये १० अंकांवर थांबला.

सुटा अंक हातात आला की मजकूर नंतर वाचा, आधी कागद पाहा. अंक म्हणजे अर्धा ताव : एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेले, दोन रकान्यांचे. उजेडासमोर धरल्यावर कागद ज्या जाळीदार साच्यात बनवला त्याच्या तारांच्या रेघा दिसल्या पाहिजेत. साधारण इंचभर अंतरावरच्या ठळक रेघा उभ्या असतात, त्यांना छेदणाऱ्या बारीक रेघा आडव्या आणि दाट. पाणछाप (कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण) दिसली नाही तर घाबरू नका. ती बहुधा तावाच्या एकाच अर्ध्यात असते, त्यामुळे दुसऱ्या अर्ध्यावर छापलेला अंकही अस्सलच. तारांच्या रेघाच नसतील, कागद एकसारखा गुळगुळीत असेल, तर तो सतराव्या शतकातला नाही. तसला कागद इंग्लंडमध्ये १७५७ च्या सुमारास पुस्तकात आला आणि रूढ व्हायला आणखी काही दशके गेली.

नेहमी होणारी गल्लत ‘अथेनियन ऑरॅकल’ची. ते १७०३ पासून निघालेले निवडक प्रश्नोत्तरांचे पुनर्मुद्रण आहे, आकाराने लहान (तावाच्या तीन घड्या). वाचायला ते सोयीचे, पण अंकाची तारीख आणि शेवटच्या जाहिराती त्यात नाहीत. आमच्या मते अंकाची निम्मी मजा त्या जाहिरातींत आहे. जुन्या बांधणीत कडा कापताना तळाची ओळ गेलेली असू शकते, म्हणून खालचा समास जरूर पाहा.

फेरीवाल्यांच्या चॅपबुकांची, म्हणजे स्वस्त, छोट्या गोष्टींच्या पुस्तिकांची, तऱ्हा वेगळी. ती बहुधा २४ पृष्ठांची, आणि अनेकांवर साल नसतेच. चित्रावरून काळ ठरवू नका. एकच लाकडी ठसा झिजेपर्यंत वेगवेगळ्या गोष्टींवर वापरला जाई. छापलेल्या पत्त्यावरून अधिक कळते : ‘बो चर्चयार्ड’ किंवा ‘आल्डरमेरी चर्चयार्ड’ असेल तर माल लंडनच्या डाइसी या मुद्रक घराण्याचा, म्हणजे अठराव्या शतकातला.

सांभाळण्याबद्दल. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. चिंध्यांपासून केलेला हा कागद वर्तमानपत्रापेक्षा कितीतरी टिकाऊ आहे, त्याला खरा त्रास दमट हवेचा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात त्यावर बुरशी येते आणि कसर लागते. आम्लरहित फोल्डरमध्ये आडवा ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे.

फाटलेली कड जोडायला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात : एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर सुमारे अर्धा तास सतत ढवळत. थंड झाल्यावर गाळून, पाणी घालून पातळ सायीइतकी सैल करा. मैदा नको, त्यातल्या ग्लूटेनमुळे जोड ताठ होतो आणि किडे येतात. आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टेकवा. हाताने लिहिलेल्या नोंदींची शाई पसरली तर तिथेच थांबा आणि पान आमच्याकडे आणा.