आरसा सरकवून वेळ मोजणारे

पाव किलो भेंडी जमिनीवरून मीटरभर उचलायला लागते साधारण अडीच जूल ऊर्जा. कुलाब्याच्या टोकाला, टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या एका मोठ्या लेझरच्या एका स्पंदातही, म्हणजे प्रकाशाच्या एका झटक्यातही, जवळपास तेवढीच असते. मात्र ती बाहेर पडते २५ फेम्टोसेकंदांत. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी. तो झाला एक फेम्टोसेकंद. एवढ्याशा वेळात कोंबल्यामुळे त्या अडीच जूलची शक्ती होते १०० टेरावॉट, म्हणजे शंभर लाख कोटी वॉट!

टीआयएफआरचे भौतिकशास्त्रज्ञ प्रा. जी. रवींद्र कुमार यांची कारकीर्द या असल्या प्रकाशासोबत गेली आहे. आयआयटी कानपूरची पीएच.डी., मग मुंबई, २००३चा भटनागर पुरस्कार, २०१५चा इन्फोसिस पुरस्कार. मला त्यांच्या कामातली सगळ्यात विलक्षण वाटते ती मोजण्याची पद्धत.

हा स्पंद केसापेक्षा बारीक ठिपक्यावर एकवटला की घन पदार्थाचा क्षणात तप्त प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. त्यात काय चाललंय ते टिपण्याइतका झटपट शटर कुठल्याच कॅमेऱ्याला नाही. म्हणून प्रकाशाचेच दोन भाग करतात. पहिला दणका देतो, दुसरा क्षीण भाग मागाहून येऊन पाहून जातो. दुसऱ्याला उशीर करायचा कसा? त्याच्या वाटेतला आरसा मागे सरकवायचा. आरसा दीड मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सरकला की जाऊन-येऊन वाट तीन मायक्रॉनने वाढते, आणि प्रकाश १० फेम्टोसेकंद उशिरा पोहोचतो. बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण ऑप्टिकल बेंचवर भिंग मागेपुढे करत असू, तीच ही हालचाल. इथे मात्र तिने काळ मोजला जातो.

प्लाझ्मातल्या चुंबकीय क्षेत्रातून जाताना या दुसऱ्या स्पंदाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरींच्या कंपनाची दिशा, बदलतं. त्या बदलावरून क्षेत्र किती ते कळतं. चुंबकीय क्षेत्र गॉसमध्ये मोजतात; पृथ्वीचं जेमतेम अर्धा गॉस. इथे ते कित्येक दशलक्ष गॉसपर्यंत जातं. शिवाय ते एकसारखं नसतं. भरतीचं पाणी वरळीच्या बांधावर आपटून जसं भोवऱ्याभोवऱ्यांत फुटतं, तसंच या क्षेत्राचंही होतं. या खळबळीचा थेट पुरावा त्यांच्या गटाने २०१२ साली मांडला. ताऱ्यांमधल्या प्लाझ्माबद्दलच्या कल्पना आता टेबलावर तपासता येतात त्या यामुळे.

टेबल म्हणावं तर तेही जपावं लागतं. आरशावर धुळीचा एक कण बसला तरी लेझर तिथेच आरशावरचा लेप जाळतो, आणि मुंबईची दमट हवा भिंगांना काय करते ते जुना कॅमेरा सांभाळणाऱ्या कुणालाही विचारा.

एवढं सांभाळूनही प्रयोग लगेच सुरू होत नाही. दोन्ही स्पंद नेमके एकाच वेळी पोहोचतात ती आरशाची जागा आधी सापडावी लागते. तिला ‘टाइम झीरो’ म्हणतात. ती हुकली तर पुढचं सगळं मोजमाप वाया. म्हणून अंधाऱ्या खोलीत आरसा मायक्रॉन मायक्रॉन सरकवत विद्यार्थी तासन् तास तीच शोधत बसतात.