‘ध’चा ‘मा’ संगणकाला कसा सांगायचा?

कुठल्याशा दप्तरातली कागदपत्रं स्कॅन झाली, की ‘इतिहास आता एका क्लिकवर’ हा मथळा ठरलेलाच. पण स्कॅन म्हणजे फोटो. त्यात ‘सदाशिवराव’ शोधायला जाल तर संगणकाला नुसते ठिपके दिसतात. मग कुणीतरी चिकाटीने मोडी वाचून मजकूर देवनागरीत टाइप करतं. शोध चालू लागतो आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. राघोबादादांच्या हुकुमात ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकतो. समजा, असा कागद खरोखरच कुणाच्या हाती लागला. टाइप काय करायचं? नुसतं ‘मारावे’ लिहिलं तर खाडाखोड गायब. कंसात ‘आधी धरावे होते’ अशी टीप घातली तर माणसाला कळेल. संगणकाच्या लेखी मात्र ती टीपही हुकुमाचाच भाग.

इथे मार्कअप कामी येतं. मजकुरातच घातलेल्या, पण मजकुराहून वेगळ्या ओळखू येणाऱ्या या खुणा. त्यांचे नियम टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, हा १९८७ साली सुरू झालेला उपक्रम ठरवतो. खुणा एक्सएमएल या पद्धतीने, कोनी कंसांत लिहितात, अशा खुणेला टॅग म्हणतात. खरे टॅग रोमन लिपीत असतात, इथे देवनागरीत देतो:

<सब्स्ट><डेल>ध</डेल><ॲड हँड="#आनंदीबाई">मा</ॲड></सब्स्ट>रावे

‘डेल’ म्हणजे खोडलेलं, ‘ॲड’ म्हणजे घातलेलं. तिरकी रेघ असलेला टॅग ती खूण बंद करतो. ‘सब्स्ट’ सांगतो की खोडणं आणि घालणं मिळून एकच बदल आहे. आता फाइल एकच, पण ‘ॲड’ वगळा म्हटलं की संगणक ‘धरावे’ दाखवतो, ‘डेल’ वगळा म्हटलं की ‘मारावे’. दोन्ही ठेवून ‘ध’वर काटही मारता येते. हजार पत्रांतली नंतर बदललेली अक्षरं तेवढी काढून दे, असंही विचारता येतं.

मला सगळ्यात आवडतो तो ‘हँड’. अक्षर कुणाच्या हातचं, हे तो सांगतो. पण बाईंवर आळ घेताना आपली खात्री किती? त्यासाठी ‘सर्ट’ आहे: हाय, मीडियम, लो किंवा अननोन. तो ‘ॲड’ला जोडला तर शंका नेमकी कशाची, हे मोघमच राहतं. ‘मा’ नंतर घातलाय याची, की तो आनंदीबाईंनी घातला याची? म्हणून ‘सर्टन्टी’ नावाचा वेगळा टॅग आहे. त्यात ‘मॅच’ने ‘हँड’कडे बोट दाखवायचं, ‘लोकस’मध्ये ‘व्हॅल्यू’ (म्हणजे शंका तिथे लिहिलेल्या नावाची) लिहायचं आणि ‘सर्ट’ला ‘लो’ द्यायचं. अर्थ असा, की बदल दिसतोय, कुणी केला ते सांगवत नाही. शिवाय ‘रेस्प’मध्ये हे मत कुणाचं तेही नोंदवता येतं. इतकी बारीक शंका घेण्याची सोय आपल्या चर्चांत असती तर!

(अमावास्येच्या रात्री वाड्यात ‘काका मला वाचवा’ ऐकू येतं म्हणणाऱ्यांसाठी: टीईआयमध्ये किंकाळीसारख्या आवाजालाही ‘व्होकल’ हा टॅग आहे. आधी ध्वनिफीत आणा.)

कागदावरचं एकीकडे आणि आपला अर्थ दुसरीकडे, हेच तत्त्व तारखांनाही लागू पडतं. समजा, पानिपतच्या लढाईच्या दिवशीच्या पत्रात शुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या पत्रांत अरबी शब्दांत लिहीत ते वर्ष, ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा आहे. एक, साठ, शंभर, हजार: झाले ११६१. शुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, त्यामुळे जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारीपासून पुढे मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपत १४ जानेवारीचं, म्हणून १७६१. पत्रातले शब्द जसेच्या तसे ‘डेट’ टॅगमध्ये ठेवायचे आणि १७६१-०१-१४ हे त्याच्या ‘व्हेन’मध्ये लिहायचं. संगणक पत्रं तारीखवार लावतो, मूळ शब्दांना धक्का लागत नाही.

आता मोडी आपोआप वाचणाऱ्या एआयचा गाजावाजा चाललाय. वाचू दे, टायपिंगचे कष्ट वाचतील. पण ‘हँड’पुढे कुणाचं नाव लिहायचं, हे दुसरी हस्ताक्षरं शेजारी ठेवून माणसालाच ठरवावं लागेल. नवख्याने टीईआयचे पाचशेहून अधिक टॅग पाहून घाबरू नये. एक छोटं पत्र घ्यावं, नावं, गावं, तारखा आणि खाडाखोड एवढ्यालाच खुणा कराव्यात. एक्सएमएल तपासणारं सॉफ्टवेअर एखादा टॅग बंद करायचा राहिला तर लगेच बोंब मारतं. आनंदीबाईंच्या नावामागे पुरावा आहे का, हे ते विचारत नाही.